अंगात कसर

वालूर, ता. सेलू
१२ सप्टेंबर

तिर्थरूप आत्यांना योगिनीचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप तुम्ही काढून टाकलंय, म्हणून केयूर म्हणाला की चिठ्ठी लिही. गोपाळची जीप रोज पाथरीला जाते, तो तुमच्या हातात देईल. मला मराठीत लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

ईश्वरीला कालपासून ताप आहे. एकशे दोन. कालच सेलूला कल्याणराव डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान बघितले, घसा बघितला, पोट दाबलं, छाती ऐकली आणि तापाचं एक सिरप लिहून म्हणाले, घरी जा, पाणी आणि दूध पाजत राहा, विषाणूचा ताप आहे, दोन-तीन दिवसांनी जाईल. इंजेक्शन नाही, रक्ततपासणी नाही. आपलं मूल तापाने फणफणलंय आणि समोरचा माणूस हसून घरी जा म्हणतो! संध्याकाळी वालूरमध्येच स्टँडजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सुई दिली. ताप उतरला आणि परत चढला. तिला थंडी वाजू नये म्हणून स्वेटर, टोपी आणि मोजे घालून ठेवलंय.

केयूर बँकेत गेलाय. घरात मी एकटीच आहे. शेजारच्या सरजाबाई येऊन जाऊन असतात.

आत्या, एक विचारायचं होतं. पंधरवड्यापूर्वी तुम्ही महालक्ष्म्यांच्या जेवणाला आला होतात, तेव्हा ईश्वरीला मांडीवर घेतलं होतं. तुम्हाला तिच्यात काही वाटलं होतं का? असेल ते स्पष्ट सांगा. मी ऐकून घेईन.

आपली,
योगिनी


पाथरी
१२ सप्टेंबर, संध्याकाळ

चि. सौ. योगिनी हिस आशीर्वाद.

चिठ्ठी पोचली. "तीर्थरूप" मधला ती दीर्घ. जन्मभर शाळेत मराठी शिकवली, आता हात ऐकत नाही. तुझ्या चुका लाल शाईने दुरुस्त करून चिठ्ठी सोबत परत पाठवतेय. फाडू नकोस, अभ्यास कर.

आता ताप. अग, अकरा महिन्यांच्या पोरीला ताप आला ही काय बातमी झाली? तुझ्या नवऱ्याला लहानपणी दर महिन्याला यायचा, आणि बघ, चांगला बँकेत कारकुनी करण्याइतका वाढला. तापाला घरात येऊन जरा टेकू तरी द्या. सकाळी आला की दुपारी एक डॉक्टर, संध्याकाळी दुसरा. पी हळद आणि हो गोरी!

आणि हा काय वेष दिलाय पोरीला? भादव्याचं ऊन, त्यात स्वेटर, कानटोपी, मोजे. अशा अवतारात मला बसवलंत तर माझाही पारा एकशे दोनला जाईल. काढा ते सगळं. सुती झबलं घाला, पंखा मंद लावा.

कल्याणरावांनी औषध थोडं दिलं म्हणून तुमचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला. ज्याची सुई मोठी तो डॉक्टर मोठा, हा आमच्या तालुक्याचा जुना न्याय आहे. सलाईन लावलं की पेशंट खूश, नातेवाईक खूश, शेजारीपाजारी बघायला येतात तेव्हा दाखवायला काहीतरी असतं. पण तू ठाण्याची ना? इंग्रजी शाळेत शिकलेली? वालूरच्या पाण्याने इतक्या लवकर गुण दाखवला म्हणायचा. ज्या माणसाने तिचे कान, घसा, छाती, पोट सगळं बघितलं त्याच्यावर विश्वास नाही आणि ज्याने नुसता दंड बघितला त्याच्यावर आहे.

त्यांनी सांगितलंय तेवढंच सिरप, सांगितलंय तेवढ्याच वेळा. दूध आणि पाणी थोडं थोडं पाजत राहा. ताप आहे म्हणून घाबरायचं नाही, पोरगी कशी आहे ते बघायचं. पीत नसेल, लघवी होत नसेल, मलूल पडून राहिली, धाप लागली किंवा झटका आला, तर मला पत्र लिहीत बसू नका, तडक परभणीला न्या. यातलं काही नसेल तर मुकाट घरी बसा.

शेवटी विचारलंस, मला तिच्यात काही वाटलं का. मला काय वाटणार? मी महालक्ष्म्यांचं जेवायला आले होते, पोरगी तपासायला नाही. माझी दृष्ट लागली असं सुचवायचं असेल तर सरळ लिही. माझी दृष्ट एवढी जालीम असती तर आमच्या शाळेचे निम्मे हेडमास्तर आडवे झाले असते.

अनसूया


वालूर
१३ सप्टेंबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

हे योगिनीला न सांगता बँकेतून लिहायलोय. तुझं पत्र वाचून ती लय रडली. जेवली नाही. तू म्हणतीस ते सगळं खरं आहे, पण तुझं खरं बोलणं म्हणजे मिरची कांडल्यासारखं असतं, शेजारच्यालाही ठसका लागतो.

ईश्वरीचा ताप अजून येऊन-जाऊन आहे. स्वेटर काढला, तेव्हापासून जरा हुशार वाटतीय. दूध पितीय. आज पुन्हा कल्याणराव डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि योगिनीला म्हणाले, "ताई, ताप हा रोग न्हाई, शरीर लढायलंय त्याची ती खूण हाय. लढू द्या की तिला." मला पटलं. हिला नाही पटलं. तिने त्यांना काय विचारलं माहीत आहे? "डॉक्टर, हिच्या मेंदूची तपासणी करावी लागेल का?" ते माझ्याकडे बघायले, मी त्यांच्याकडे.

आत्या, मला हे कळेना झालंय. ताप आला म्हणून घाबरली असती तर समजलो असतो. पण हे तापाच्या आधीपासून चालू आहे. महालक्ष्म्या उठल्या आणि हिने शिवणकामाची टेप काढून पोरीचं डोकं मोजायला सुरुवात केली. मागच्या गल्लीतलं पोरगं चालायला लागलं, तर तेव्हापासून ईश्वरीला उभं करून करून बेजार केलंय. टाळी वाजवून बघती, पोरगी वळली का. खुळखुळा या कानाशी वाजवती, त्या कानाशी वाजवती. विचारलं तर म्हणती, "काही नाही, खेळतेय." आता ताप आला तर म्हणती, "बघ, मला वाटलंच होतं. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात नेऊ." काय वाटलं होतं ते सांगत नाही. घरात बसून हिने एकटीने कसली धास्ती घेतली कोण जाणे.

तिला एक पत्र जरा मऊ लिही. माझी विनंती समज.

तुझा,
केयूर


पाथरी
१४ सप्टेंबर

चि. केयूर यास आशीर्वाद.

मऊ पत्र मला लिहिता येत नाही. मऊ वरणभात करता येतो, हवा असेल तर गोपाळच्या हाती डबा पाठवते.

तुझ्या बायकोला कसली धास्ती लागली ते तुला कळत नाही, मला इथे बसून कळतं. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये शहाण्या बायका, आणि त्या शहाण्या बायका सांगतात की बाळ अमक्या महिन्यात टाळी वाजवत नसेल तर सावध व्हा. सावध होऊन होऊन माणूस वेडा होतो. पूर्वी पोरं रांगायची, धडपडायची, एक दिवस उठून चालायला लागायची, आणि तो दिवस कुठला हे आईलाही आठवायचं नाही. आता पोराच्या प्रत्येक पावलाला प्रगतिपुस्तक. मेंदूची तपासणी म्हणे! करायचीच असेल तर त्या घरात मेंदू नक्की कुणाचा तपासायचा ते आधी ठरवा.

आणि तू! बँकेत बसून आत्याला चोरून पत्र लिहितोस. बायकोला समोर बसवून "तुला काय झालंय" एवढं तीन शब्दांचं वाक्य तुला बोलता येईना? मी तुला चौथीत व्याकरणात पैकीच्या पैकी दिले होते, ते परत घेते.

पोरीचं मला नीट कळव. पिते का, शू करते का, ताप उतरला की खेळते का. कविता नको, उत्तरं हवीत. तीन दिवस झाले, आता उतरायला हवा. उद्यापर्यंत नाही उतरला तर कल्याणरावांना परत दाखवा. आणि संभाजीनगरला जायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, तुमच्या धास्तीने नाही.

योगिनीला सांग, आत्याने विचारलंय. काय विचारलंय ते तुझं तू ठरव.

अनसूया


वालूर
१५ सप्टेंबर

तीर्थरूप आत्यांना नमस्कार.

केयूरने काल तुमचं पत्र मला दाखवलं. लपवायला निघाला होता, त्याला जमलं नाही.

आधी उत्तरं. पिते. शू करते. आज सकाळी ताप पूर्ण उतरला. पण पोटावर, पाठीवर, मानेवर बारीक लाल पुरळ आलंय. सरजाबाई म्हणाल्या, "बाई आली हाय अंगात. कडुलिंब लावा दाराला, फोडणी घालू नका." बाई म्हणजे गोवर-कांजिण्या, हे त्यांनीच सांगितलं. थोड्या वेळाने कल्याणराव डॉक्टरांकडे निघतोय.

आता दुसरं. मोबाइलमधल्या शहाण्या बायकांना दोष देऊ नका, त्यांनी काही केलेलं नाही. जे केलं ते तुम्ही केलं.

महालक्ष्म्यांचं जेवण झाल्यावर तुम्ही निघालात, तेव्हा मी आत तुमच्यासाठी पुरणपोळ्या डब्यात भरत होते. तुम्ही ईश्वरीला सरजाबाईंच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "पोरीच्या अंगात जराशी कसर हाय. आईला कळालेलं दिसत न्हाई. राहू द्या, उगं सांगू नका, घाबरंल खामखा." सरजाबाई "आगं बाई" म्हणाल्या. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही मोठ्याने बोलता, आत्या. मला भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकू आला.

कसर. मला एवढं मराठी येतं. कसर ठेवली नाही, कसर भरून काढली. तरी वाटलं, आपलं चुकत असेल, म्हणून मोबाइलवर शब्दकोश उघडला. पहिलाच अर्थ: कमतरता, उणीव. माझ्या मुलीत उणीव आहे. मला दिसली नाही, तुम्हाला दिसली, आणि तुम्ही जन्मभर मुलं बघितली आहेत, म्हणजे चुकणार नाही.

डब्यात किती पोळ्या भरल्या ते मला आठवत नाही. बाहेर येऊन तुमच्या पाया पडले. तुम्ही म्हणालात, सुखी राहा.

तेव्हापासून मी तिच्यात ती उणीव शोधतेय. ती हसली तर वाटायचं, उशिरा हसली. पडली तर वाटायचं, तोल नाही. ताप आला तेव्हा खरं सांगू, मला क्षणभर बरं वाटलं, की आता डॉक्टर तपासतील आणि कळेल तरी. आई असून मला असं वाटलं. मी तुम्हाला पहिल्याच पत्रात हात जोडून विचारलं होतं, काही वाटलं होतं का. तुम्ही हेडमास्तरांचा विनोद केलात.

तुमच्या पत्रात तुम्ही केयूरचे गुण परत घेतलेत. हा शब्द परत घेता येतो का बघा.

योगिनी


पाथरी
१५ सप्टेंबर, दुपार

अग खुळे!

गोपाळ दारात उभा आहे, त्याला थांबवून लिहितेय. अक्षर वाईट येईल.

कसर म्हणजे बारीक ताप! अंगात कसर आहे म्हणजे अंग किंचित कोमट लागतंय, कणकण आहे. अख्खा मराठवाडा असंच म्हणतो. आणि काय ग, अंगात कसर म्हणजे उणीव असं कुठल्या शाळेत शिकवतात? त्या दिवशी मी पोरीला मांडीवर घेतलं, कपाळ जरा गरम लागलं. दात येत असतील, नाहीतर गर्दीत हातोहात फिरून शिणली असेल. म्हणून सरजाबाईला म्हणाले. एवढंच. तुझ्या लेकीत काडीचीही उणीव नाही. माझा चष्मा ओढून तिने त्याची काडी वाकडी केली, अशी पोरगी आहे ती. अकराव्या महिन्यात चालत नाही म्हणे! केयूर तर सव्वा वर्षाचा होईपर्यंत बुडावर सरकायचा, नंतर चालला तो थेट बँकेत.

हा सगळा धुडगूस एका शब्दाचा. टेप काय, खुळखुळे काय, मेंदू काय! ध चा मा झाला म्हणतात तो असा. मोबाइलमध्ये पहिला अर्थ दिसला की तुम्ही लोक खाली सरकतच नाही. पाच ओळी खाली गेली असतीस तर ताप सापडला असता. माझ्याकडच्या जाड कोशात बघितलं आत्ता, चांगला छापलाय. म्हणून मी मुलांना सांगायची, शब्द एकटा वाचू नका, कुठे बसलाय ते बघा.

तू इतके दिवस हे पोटात घेऊन फिरलीस, याचं मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पाणी प्यायला उठले होते, परत येऊन बसले.

पुरळ डॉक्टरांना दाखव. ताप उतरल्यावर अंगावर उठलं आणि पोरगी खेळतेय म्हणजे बहुधा घाबरण्यासारखं नाही, पण ते त्यांना ठरवू दे, सरजाबाईला नको. दाराला कडुलिंब लावायचा तर लाव, डास तरी कमी होतील.

चल, मिटलं. गैरसमज होता, गेला.

अनसूया


वालूर
१६ सप्टेंबर

तीर्थरूप आत्यांना नमस्कार.

ईश्वरी बरी आहे. डॉक्टरांनी पुरळ बघितलं आणि म्हणाले, या वयात असा ताप येतो, उतरताना अंगावर उठतं, आपोआप जातं. औषध नको. मी या वेळी दुसऱ्या कुणाकडे नेलं नाही. मेंदूचं विचारलं त्याची त्यांना आठवण होती, हसून म्हणाले, "मेंदू झकास हाय, माझा स्टेथो सोडायला तयार न्हाई."

शब्दाचा अर्थ कळला. सरजाबाईंनाही विचारला. त्या म्हणाल्या, "व्हय की, कसर म्हंजी बारीक ताप. मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल." ऐकून मी पायरीवर बसले आणि रडले. काल संध्याकाळी तिला मांडीवर घेतलं, तिने माझे केस ओढले, आणि किती जोरात ओढते हे मी तपासलं नाही. किती दिवसांनी ती मला नुसती माझी मुलगी वाटली.

पण तुम्ही लिहिलंत, मिटलं. माझं मिटलं नाही.

तुमचाच अर्थ धरू. माझ्या मुलीच्या अंगात ताप होता. तुमच्या हाताला कळला. तुम्ही तो सरजाबाईंना सांगितलात. आणि मला सांगायचं नाही असं तुमचं ठरलं. मी भिंतीपलीकडे होते, चार पावलांवर. तुमच्यासाठी डबा भरत होते.

त्या संध्याकाळी मी ईश्वरीला जरीचा परकर घालून हळदी-कुंकवाला घरोघर फिरवली. ती किरकिर करत होती. बायकांसमोर रडते म्हणून मी तिला रागावले, दंडाला धरून हलवलं. अंगात ताप असलेल्या मुलीला. मला माहीत असतं तर मी घरी थांबले असते, तिला सुती झबलं घातलं असतं आणि पंखा मंद लावला असता. तुमच्याइतकंच केलं असतं.

लेकी बोले सुने लागे असं तुमच्यात म्हणतात. मला सून म्हणून लागेल असं बोललात तरी चाललं असतं. तुम्ही तर मला वगळूनच बोललात. माझी शब्दाची चूक झाली, ती तुम्ही लाल शाईने दुरुस्त केलीत. मी घाबरट आहे, मोबाइल बघते, मला मराठी येत नाही, सगळं मान्य. पण तिची आई मीच आहे.

मला का नाही सांगितलंत?

योगिनी


पाथरी
१८ सप्टेंबर

चि. सौ. योगिनी हिस,

वर आधी "चि. केयूर यास" लिहिलं होतं, ते खोडलंय. हात सवयीने तिकडेच गेला. नवा कागद घेणार होते, पण म्हटलं राहू दे, तुला दिसू दे.

काल गोपाळ दोनदा विचारून गेला, चिठ्ठी आहे का. नाही म्हणाले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहून खोडत होते. आधी लिहिलं की तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही. ते खोटं नाही, पण खरंही नाही. घाबरली असतीस तर घाबरली असतीस, समजावलं असतं, त्यात माझं काय जाणार होतं?

खरं असं आहे. पोरीचं कपाळ गरम लागलं तेव्हा मनात आलं, घरातल्या कुणाला तरी सांगावं. आणि घरातलं कोण म्हणून इकडेतिकडे बघितलं तर मला शेजारची सरजाबाई दिसली. तू आत आहेस हे माहीत होतं. पण घरातली म्हणून तुझं नाव डोक्यातच आलं नाही; आलं ते "सांगू नका" म्हणण्यापुरतं. तीन वर्षं त्या घरात तू स्वयंपाक करतेस, पोर तुझ्या पोटचं, आणि मी तुला अजून ठाण्याची पाहुणी धरून चालले होते. पाहुणीला कशाला सांगायचं, तिला काय कळतंय! हे मी कधी तोंडाने बोलले नाही, पण वागले तसंच. लिहिताना लाज वाटतेय, आणि मला लाज वाटायची सवय नाही.

यावरून मी मवाळ झाले असं समजू नकोस. तू स्टँडजवळच्या त्या सुईवाल्याकडे पोरीला नेलंस तो मूर्खपणाच होता, आणि मोजे पुन्हा दिसले तर मी बोलणार. तू या पत्रात "वगळूनच" हा शब्द अगदी नेमका वापरलास. मला दुसरा सुचला नसता.

उद्या सकाळच्या जीपने येते. जेवायला काही विशेष करू नकोस, वरणभात पुरे. केयूरला सांगितलेलं नाही, तूच सांग.

आल्यावर पोरीला मांडीवर घेईन, कपाळाला हात लावेन, आणि हाताला जे लागेल ते तुला सांगेन. काही लागलं नाही तर तेही तुलाच सांगेन.

तुझी,
आत्या